मडक्यावरची होडी, दगडावरची गलबतं

मानपाडा, ठाणे

चि. निखिल,


इंग्लंडमधल्या सटन हूच्या जहाज-दफनाचे फोटो मिळाले. त्यांच्याखाली तू जो प्रश्न टाकला आहेस, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. सोपारा, कल्याण, ठाणे अशी जुनी बंदरं आपल्या अंगणात. मग आपल्याकडे एखाद्या राजाला जहाजात ठेवून का पुरलं नाही?

तुझ्या बाबांचं उत्तर असं, की आपण जाळतो, म्हणून. पटण्यासारखं आहे, पण टिकत नाही. इ.स. 922 मध्ये बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर गेलेल्या इब्न फदलाननं व्होल्गेच्या काठी रूस लोकांच्या नायकाचा अंत्यविधी पाहिला. त्यांनी होडी नदीतून ओढून काठावर घेतली, नायकाला भारी कपडे चढवून तिच्यात बसवलं आणि होडीसकट पेटवून दिलं. म्हणजे जाळणं आणि होडी देणं यांचं काही वाकडं नाही. मेलेल्या नायकाच्या सोबतीला एका दासीला मारलं, हेही इब्न फदलाननं लिहून ठेवलंय. या जहाजांचं कौतुक करताना आपण ती बाजू सोयीनं विसरतो.

मला सटन हूची खरी गंमत वाटते ती वेगळीच. 1939 साली उत्खनन करणाऱ्या बेसिल ब्राउनला तिथे सापडली ती होडी नव्हतीच. आम्लधर्मी वाळूत लाकूड गेलं, राजाचा देहही गेला. उरले गंजलेले लोखंडी रिव्हेट, ओळीनं आणि जागच्या जागी, आणि वाळूवर उमटलेले फळ्यांचे ठसे. तेवढ्यावरून 27 मीटर लांबीचं गलबत उभं राहिलं. टीएमटीच्या दोन बसगाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तरी थोडी जागा उरेल एवढं. नॉर्वेतलं ओसेबर्गचं जहाज 1904 मध्ये निघालं ते निळसर चिकणमातीमुळे लाकडासकट टिकलं होतं. त्यात दोन बायका होत्या. राजाच असला पाहिजे असं काही नाही!

आता हे रिव्हेट डोक्यात ठेव आणि ठाण्याला ये. 1321 साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा इटालियन साधू होर्मुझहून निघून 28 दिवसांत ठाण्याला पोचला. ज्या गलबतातून आला ते नुसत्या दोरानं शिवलेलं होतं, त्यात लोखंड औषधालाही सापडलं नाही, असं तो सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं पुष्कळदा अशीच, फळ्या काथ्यानं शिवून केलेली असत. असलं एखादं आपल्या तांबड्या मातीच्या टेकाडात पुरलं असतं, तर वाळवीनं काही पावसाळ्यांत फळ्या संपवल्या असत्या आणि काथ्याचं नाव उरलं नसतं. मागे खूण म्हणून एक खिळाही राहिला नसता. तेव्हा सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तरीही माझं मत विचारशील तर, नव्हतंच. आणि त्याचं कारणही या ओडोरिकच्याच हकिगतीत दिसतं. त्यानं त्या चौघांची हाडं ठाण्यातून उचलली, कापडात बांधली आणि गलबतावर घेतली. वाटेत वारा पडला. प्रत्येकानं आपापल्या देवाला साकडं घातलं, वारा काही येईना. मग खलाशी याच्यावर उलटले: तू तरी वारा आण, नाहीतर ही हाडं समुद्रात फेकू. शेवटी त्यानं आपल्या नोकराकरवी एक हाड नाळेवरून गुपचूप पाण्यात टाकलं, आणि म्हणे लगेच वारा सुटला. उरलेली हाडं चीनच्या झैतून बंदरापर्यंत पोचली. वाऱ्याचं काय ते सोडून दे. खलाशांचा स्वभाव मात्र त्यात स्वच्छ दिसतो. गलबत हे जित्या माणसांच्या पोटापाण्याचं साधन. त्यावर मेलेला नको. शिवाय कुणा नायकासाठी धडधाकट गलबत मातीत घालायचं म्हणजे कितीतरी घरांच्या चुली विझवायच्या.

म्हणून आपल्याकडे होडी मेलेल्याच्या सोबतीला गेली ती लाकडाची नाही, चित्रातली. आणि त्यातलं एक खूप जुनं चित्र समुद्रापासून लांब, घाटावर सापडलं, हे ऐकून तुला नवल वाटेल.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 पासून 1983 पर्यंत तिथे खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मंडळी. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी मेलेल्यांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यांत, मोठ्या माणसांना खड्ड्यात, आणि मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडून. मेलेल्यानं उठून भूत होऊन फिरू नये म्हणून, असा अर्थ लावला गेला. पण पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात वेगळाच प्रकार निघाला. चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोटासारखा फुगलेला रांजण, आणि त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष पाय दुमडून बसवलेला. त्याचे पाय शाबूत होते. त्याच्यासोबत ठेवलेल्या एका मडक्यावर लांबलांब वल्ह्यांची होडी रंगवली होती.

बघ, बाकीच्यांचे पाय काढून घेतले, याचे पाय ठेवले आणि वर होडीही दिली. हा गावचा प्रमुख असावा असं उत्खनकांचं म्हणणं. त्याच जागी आणखी खाली तसाच दुसरा रांजण निघाला. त्यात माणूसच नव्हता. ज्याचा देह घरी आणता आला नाही अशा कुणासाठी तो पुरला असावा. सटन हूचा राजा वाळूत विरघळला. इनामगावच्या या रिकाम्या रांजणाचा माणूस बहुधा मुळात घरी पोचलाच नाही, तरी त्याची जागा मात्र केली गेली.

दुसरी जागा आपल्याच डोंगरापलीकडची. मानपाड्याच्या पाठीमागे येऊर, येऊरपलीकडे बोरिवली आणि बोरिवली पश्चिमेला एकसर. जुन्या गॅझेटियरमध्ये तळ्याच्या काठी, ताडांच्या ओळीखाली असलेल्या सहा वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिलांचं, वर्णन आहे. काही दगड पुरुषभर उंचीहून मोठे. दोन दगडांवर जमिनीवरची लढाई, चार दगडांवर समुद्रावरची. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे लक्षात ठेव. एका दगडाच्या तळाशी पाच गलबतं चालून निघाली आहेत. नाळ उंच उचललेली, मधे डोलकाठी, बाजूला नऊ-नऊ वल्ही. त्यावरच्या पट्टीत गलबतं एकमेकांना भिडलेली आणि माणसं पाण्यात पडताहेत. आणखी वर तोच वीर शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यांत वर कैलास. गलबत खालच्या पट्टीतच राहतं. रूस नायक होडीसकट स्वर्गात गेला. आपल्या वीराला होडी मरणाच्या दारापर्यंतच लागते, पुढचं काम अप्सरा आणि गंधर्व बघतात.

ही लढाई कुठली? ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेली, असं पुरातत्त्वज्ञ कझिन्सनं सुचवलं आणि इतिहास-अभ्यासक मिराशींनी उचलून धरलं. दगडांवरचे लेख झिजून गेलेत, त्यामुळे काही अभ्यासक ते अकराव्या शतकात, परमार भोजाच्या कोकण मोहिमेपर्यंत मागे नेतात. मी मिराशींच्या बाजूची. ठाण्यात राहून दुसरं काय म्हणणार! सोमेश्वर समुद्रात बुडाला एवढं मात्र यादवांचा मंत्री हेमाद्री स्पष्ट लिहितो, आणि वर टोमणा मारतो की महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल परवडला. जिंकणाऱ्याच्या मंत्र्याचं लिखाण, तेव्हा चवीपुरतं मीठ गृहीत धर. पण राजाच समुद्रानं नेला तर त्याला पुरायचं काय, नि जाळायचं काय? बुडालेल्या गलबतांवरच्या साध्या सैनिकांचंही तेच. अशांसाठी दगडावर गलबत कोरणं एवढंच हाती उरतं. गोव्यातही कदंबांच्या काळातले गलबतांचे वीरगळ आहेत, ते बहुधा याच गरजेतून आले असावेत.

डिसेंबरात येशील तेव्हा एकसरला जाऊ. टिकुजिनीवाडीपासून बोरिवलीचा बोगदा खणतायत, पण तो होईपर्यंत घोडबंदरचा वळसा आहेच, म्हणून सकाळी लवकर निघावं लागेल. सकाळचं तिरपं ऊन असलं तर वल्ही मोजता येतात. दुपारी सगळं सपाट दिसतं. येताना चांगली बॅटरी आण, बाजूनं उजेड टाकून झिजलेल्या ओळींचे फोटो घेऊ. आणि बाबांना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे ते भांडायला मला फोन करतील.

तुझी,
मावशी