वाटी सातच्या आत घरात

चि. पिल्लास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला आणून आज नऊ दिवस झाले. पत्र तुझ्या नावाचं असलं तरी उघडं ठेवतोय. तुला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते शेजारी कुंपणावरून तुला काहीबाही टाकत असतात. परवा तुझ्यापुढे एकाच वेळी अर्धं भजं, बिस्किटाचे तुकडे आणि मटणाच्या रश्शात भिजलेली पोळी होती. तू तिघांनाही न्याय दिलास आणि मी रात्रभर सांदवाडी धूत बसलो.

दुसऱ्या दिवशी तुला थैलीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं, तर शेजारची आजी पदर तोंडाला लावून हसली. ‘‘का जी मास्तर, कुत्र्याले का तराजूनं मोजून वाढतेत?’’ तू दोन किलो भरलास, दुकानदाराच्या मते थैलीसकट.

पहिला घोळ दुधाचा. आमच्याकडे पिल्लू आलं की जर्मनच्या वाटीत दूध ओततात आणि पुण्य पदरी पाडून घेतात. गाईचं दूध तुझ्या आईच्या दुधापुढे पातळच. तिच्या दुधात प्रथिनं आणि चरबी दुपटीहून जास्त असते. दुधातली साखर मात्र गाईच्यात अधिक, आणि तीच तुला झेपत नाही. तू दोन महिन्यांचा झालास, दूध तसंही सुटायचं होतं. चमचाभर दही मिळेल.

भाताबद्दल मात्र मी आजीच्या बाजूचा : तो तुला चालतो. आमचं मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली, सगळा धानाचा मुलूख. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३च्या सुमारास आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबं निवडून एक वाण तयार केलं, आणि त्याला नाव पडलं घड्याळाचं : एचएमटी. त्याच एचएमटीची कणी तुझ्यासाठी शिजते. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला मांसच हवं, असं शहरातले जाणकार ठासून सांगतात. पण २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दोघांची जनुकं ताडून पाहिली, तर पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेतीला लागला आणि तुझे पूर्वज त्याच्या उष्ट्यावर बसले, त्या बैठकीची ही कमाई.

नुसत्या कणीवर तुझी हाडं मात्र उभी राहायची नाहीत, आणि नुसत्या मांसावरही नाहीत. मांसात कॅल्शियम नावालाच असतं. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि पाय वाकतात. म्हणून मी वही घेऊन बसलो. चार महिन्यांच्या आतल्या, दोन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी लागतात. त्याचा अर्थ आमच्या चुलीवर असा : शंभर ग्रॅम शिजलेला भात, एक उकडलेलं अंडं, हाडं काढलेली पाऊणशे ग्रॅम शिजलेली कोंबडी, दही आणि दोन थेंब जवसाचं तेल. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड किती घालायची ते गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून ठरवलं. कांदा-लसूण नाही, मनुका नाहीत, कोंबडीचं शिजलेलं हाड तर मुळीच नाही. ते चिरफळ्या होऊन आतड्यात रुततं. हे सगळं दिवसभराचं, चार वेळांत वाटून. विकतच्या खाद्याच्या थैलीमागचा आकडाही दिवसभराचाच असतो, आणि आमच्या ओळखीतला एक गृहस्थ महिनाभर तेवढं दर जेवणाला देत होता.

हा हिशेब पुढच्या आठवड्यातच शिळा होईल, म्हणून दर रविवारी काट्यावर यायचं. काट्याहून बोटं खरी : बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मोजता येऊ नयेत. आणि पोट टम्म दिसलं म्हणजे पिल्लू धष्टपुष्ट, हे आजीचं म्हणणं मला मान्य नाही. बारीक अंगावर नगाऱ्यासारखं पोट म्हणजे बहुधा जंत. आधी औषध, मग वाढीव भात.

मोहाच्या दिवसांत सांदवाडीत फुलं वाळत पडतील. गोड लागतील, पण आंबलेल्या फुलांत दारू असते आणि ती तुझ्या जातीला विष. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. तुझ्यापुरती मी ती मूलपर्यंत वाढवली आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

तुझ्याआधी इथे एक कुत्री होती. तिचं खाणं मी मोजत नव्हतो. भगुणं भरून छपरीत ठेवायचं, तिला लागेल तेव्हा ती खाईल, असा माझा मोठेपणा. रात्री डुकरं यायची, गावची इतर कुत्री यायची. ती भगुण्याजवळच झोपायची, राखायला. पौषातल्या एका रात्री तिघा-चौघांचं भुंकणं एकदम थांबलं. सकाळी भगुणं पालथं होतं, भात अंगणभर आणि बांधीच्या चिखलात ओढत नेल्याची रेघ. वनरक्षकाने पंजा पाहिला आणि बिबट म्हणाला. मला दोष द्यायला दुसरं कुणी सापडलं नाही.

पुढे वाचनात आलं की तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठा तपासल्या होत्या. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिथे ऊस, इथे जंगल, पण छपरीत ठेवलेलं भगुणं दोन्हीकडे सारखंच. उष्ट्यामागे डुक्कर येतं, कुत्रं येतं आणि त्यांच्यामागे तो. चंद्रपूरला दुर्गापूरच्या वस्तीत तर त्याने माणसांवरही हल्ले केले. तुझं किती खाऊन उरतं, हा प्रश्न इथे तुझ्या एकट्याच्या पोटाचा राहत नाही.

ताडोबातले रानकुत्रे तुझे लांबचे भाऊबंद. शिकारीवरून परतले की पिल्लांपुढे पोटातलं ओकून टाकतात. पिल्लं चाटूनपुसून खातात, मागे काही उरत नाही. मला तसं जमणार नाही. मी वाटी उचलतो.

शेवटचं जेवण उजेड असताना. दहा मिनिटं वाटी तुझ्यापुढे, खाल्लंस तर ठीक, नाही तर उरलेलं आत. वाटी धुऊन फळीवर, दाराला कडी, आणि तू माझ्या खाटेखाली. काल तू बंद दारापाशी बसून कुंईकुंई केलंस, तासभर. शेजारून आजीची हाक आली, ‘‘उपाशी ठेवता का जी लेकराले?’’

उपाशी नव्हतास. पावणेदोनशे ग्रॅम भात-कोंबडी आणि अंडं पोटात होतं, मी लिहून ठेवलंय.

तुझा,
वाटी उचलणारा