कोंडलेलं पाणी

पाणी होतं इथे.

एवढंच म्हणायचं, तर पी. डिमेलो रोडच्या भिंतीशी आवाज अडतो. भिंतीपलीकडे आता जमीन. सपाट, करडी, टणक. ऊन पडतं आणि पडल्या जागी पडून राहतं. पूर्वी ते हलायचं.

प्रिन्सेस डॉक. व्हिक्टोरिया डॉक. नावं राजघराण्यातली. घाम कोकणातला, घाटावरचा.

तू समुद्र नव्हतंस, तळंही नव्हतंस. समुद्राकडून मागून घेतलेला एक चौकोन होतंस. बाहेर ओहोटी लागायची, माझगावचा चिखल उघडा पडायचा, पडाव कुशीवर कलंडायचे. आणि तू दरवाजाआड भरलेलं, चंद्राचा हुकूम न मानणारं. भरती तुझ्या उंचीला येईपर्यंत दार उघडायचं नाही. बोटी बाहेर ताटकळायच्या.

आणि दार उघडलं की हळूहळू आत सरकायची ती गंजलेली, थकलेली, साऱ्या जगाचं मीठ अंगावर वाळलेली लोखंडी भिंत, तिच्यावरून सुटायचे दोर, दोरांमागून हाका, हाकांमागून क्रेनची करकर, फळकुटांवरून धावणारी अनवाणी पावलं, खांद्यावर अडकवलेले हूक, गोणीत रुतून पुन्हा सुटताना ताग उसवणारे, मुकादमाच्या शिव्या, पाळीचा भोंगा, सांडलेल्या धान्यावर उतरलेली कबुतरं, आणि या सगळ्याखाली, सगळ्याचं ओझं पेलत, एक शब्द न बोलता, तू.

बोलायचं ते शहर बोलायचं.

फक्त एकदा तू ओरडलंस. १४ एप्रिल १९४४. दुपारचे चार वाजून सहा मिनिटं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली. पोटात कापूस, दारूगोळा, सोनं. त्या दुपारी आभाळातून जळता कापूस पडला, वस्त्यांवर, वखारींवर, माणसांवर. आग विझवायला आलेले आगीतच राहिले. सोन्याच्या विटा तुझ्या गाळात गेल्या, आणि कित्येक वर्षांनी गाळ उपसताना त्यांतल्या काही तू एकेक करून परत केल्यास.

माणसं तेवढी परत केली नाहीस.

त्या अग्निशमन जवानांसाठी १४ एप्रिल देशभर पाळला जातो. तू गेल्याचा दिवस कुणी पाळत नाही. भरावाचा शेवटचा डंपर कधी रिता झाला? शेवटचं ओंजळभर पाणी कुठल्या दगडाखाली गेलं? त्यात त्या वेळी ऊन होतं का?

काळोख जुना आहे इथला. तू यायच्या आधी, १८८०च्या आधी, प्रिन्सेस डॉक खणताना खाली एक आख्खं जंगल सापडलं होतं. खैराची झाडं. कितीतरी अजून उभी, मुळं जमिनीत रोवलेली, चिखलाखाली, खाऱ्या काळोखात. कुण्या काळी त्यांच्या पानांवरही ऊन हललं असेल. मग समुद्र आला. मग कुदळी आल्या. मग तू. मग दगड.

एकाच जागेने किती जणांना निरोप द्यावा?

खैर बुडाले तरी त्यांचं लाकूड उरलं. खूप काळानंतर कुणाचा तरी हात त्याला लागला. उद्या इथे कुणी पुन्हा खणलं, तर त्याला धक्क्याचा घडीव दगड लागेल, बोट बांधायचं कडं लागेल, नशीब असलं तर एखादी वीटही. तू लागणार नाहीस. पाण्याला हाडं नसतात.

खड्डा रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी त्यात पाणी दिसेल, हे मला ठाऊक आहे. समुद्र दूर गेलेला नाही. ते पाणी खारं असेल, त्यात आभाळही दिसेल. पण दुपारी ओहोटी लागेल, आणि ते निघून जाईल.

समुद्र येतो, जातो. थांबणं तेवढं तुझं होतं.