डोंगरउतार आणि जुना ट्रॅक्टर

मी एक जुना ट्रॅक्टर विकत घेण्याच्या खटपटीत आहे, ही वार्ता कॉलेजातील प्राध्यापकांच्या खोलीत पोहोचली तेव्हा तेथे बराच वेळ हास्यविनोद चालला. जन्मभर तर्कशास्त्र शिकविणाऱ्या या गृहस्थांचे भात उगवण्यापूर्वी प्रमाण मागेल, असे भाकीत एका स्नेह्याने केले. दुसऱ्याने, ट्रॅक्टर मागे चालविता येतो की नाही तेवढे आधी पाहून घ्या, म्हणजे निगमनाबरोबर विगमनही साधेल, असा सल्ला दिला. विनोद म्हणून तो वाईट नव्हता. परंतु रिकामा ट्रॅक्टर उभ्या चढावर न्यावयाचा झाल्यास तो मागे चालवीतच न्यावा व उतरताना तोंड पुढे करून उतरावा, म्हणजे त्याचे जड अंग सदैव चढाच्या बाजूस राहते, हा जाणत्यांचा नियमच आहे. आणि माझ्या स्नेह्याने थट्टेने सांगितले तेच पुढे मला अगदी गंभीर मुद्रेने एका मिस्त्रीने सांगितले.

आमची जमीन भोर तालुक्याच्या पश्चिम अंगास आहे. सातबाऱ्यावर ती चार एकर बारा गुंठे भरते. पण कागद सपाट असतो आणि जमीन तशी नाही. खाली ओढ्यालगत भाताची पाच खाचरे, त्यांच्यावर आंबा-फणसांचा एक पट्टा, आणि त्याहून वर नाचणी-वरईची वरकस जमीन. मधल्या पट्ट्यास पाच पावले चालले की एक पाऊल वर चढावे लागते. वरच्या अंगास तर गुडघ्यावर हात ठेवल्यावाचून माणूस चढत नाही. ही जमीन आमच्या वडिलांच्या वेळेपासून आबा कसतात. त्यांच्या जोडीतील एक बैल गेल्या वर्षी गेला. नवा बैल घ्यावा तर त्याचे वर्षभराचे वैरणपाणी आणि काम मात्र चाळीस दिवसांचे. भाड्याचा ट्रॅक्टर आणावा तर पहिला पाऊस पडला की साऱ्या पंचक्रोशीस तो एकाच दिवशी हवा असतो, आणि ओढ्यापलीकडच्या चार एकरांची पाळी येते तेव्हा वाफसा निघून गेलेला असतो. नव्या ट्रॅक्टरची किंमत एवढ्याशा जमिनीतून माझ्या हयातीत फिटणार नाही. सबब जुना घ्यावयाचा, एवढे ठरण्यास तर्कशास्त्राची गरज पडली नाही. कोणता घ्यावयाचा, येथे खरी अडचण होती.

ट्रॅक्टर हे यंत्र मुळात सपाट मुलखातले. १९१७ साली अमेरिकेत हेन्री फोर्डचा फोर्डसन बाजारात आला आणि स्वस्त असल्यामुळे तो पाहता पाहता सर्वत्र पसरला. त्याच्या मागे नांगर साखळीने बांधावा तसा बांधीत. नांगराचा फाळ खडकास अडला की मागील चाके जागच्या जागी थांबत, पण इंजिनाचा जोर थांबत नसे. मग ते सबंध धूड मागील आसाभोवती घोड्यासारखे दोन पायांवर उभे राही आणि चालकावर उलथे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या एका आयरिश यंत्रज्ञाने या दोषाचा पिच्छा पुरविला. त्याने नांगर साखळीने न ओढता तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या अंगाशीच जोडला. फाळ अडला की वरच्या दांड्यातून येणारा रेटा ट्रॅक्टरचे नाक वर न उचलता खाली दाबतो, अशी ती योजना. आज जगातील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीशी तीच तीन दांड्यांची जोडणी असते. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात त्याचा करड्या रंगाचा लहानसा ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. आणि एव्हरेस्टविजेते हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते असल्याच ट्रॅक्टरांवरून. ध्रुवावर जाऊन आलेल्या यंत्राच्या वंशजास आमचे भोर काय जड, असे मनात येण्याचा संभव आहे. परंतु ध्रुवाकडील बर्फाचे पठार पुष्कळसे सपाट आहे.

आपल्याकडील जुन्या बाजारात जे ट्रॅक्टर दिसतात त्यांच्या वंशावळी असल्याच परदेशी घराण्यांना जाऊन मिळतात. फरीदाबादेस १९५९ मध्ये निघालेला आयशर जर्मन, मद्रासेस १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘टाफे’चा मॅसी फर्ग्युसन नावाप्रमाणेच फर्ग्युसनच्या घरचा, महिंद्रांचा बी-२७५ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडातील शाखेचा. स्वराज मात्र दुर्गापूरच्या सरकारी संशोधनशाळेत आपल्याच लोकांनी आखलेला. तो १९७४ पासून पंजाबात तयार होऊ लागला. ही सारी यंत्रे भक्कम. तीस-तीस वर्षांची होऊनही ती चालतात, खेड्यातला मिस्त्री ती झाडाखाली उघडून पुन्हा बांधू शकतो आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. हा शेवटचा गुण मी फार मोठा मानतो. जो भाग मागविण्यास महिना लागतो तो आषाढात नसल्यातच जमा.

तर मी, आबा, त्यांचा धाकटा मुलगा आणि एक मिस्त्री असे चौघे देशावरील एका बाजारगावी गेलो. तेथे विक्रेत्याने आम्हांस प्रथम एक पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दाखविला. रंग नवा, पत्रा चकचकीत, टायरांस काळे तेल पुसलेले. “एकहाती वापरलेला आहे साहेब, दोन हजार तास झालेत फक्त,” असे त्याने सांगितले आणि तासमापकाकडे बोट केले. आबांनी त्या काट्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी क्लचच्या पेडलवर अंगठा फिरविला. वरचे रबर केव्हाच गेलेले होते व खालचे लोखंड देवळाच्या पायरीसारखे गुळगुळीत झालेले होते. मग त्यांनी इंजिनावर तळहात टेकला. “हा पहाटेच उठलेला दिसतोय,” ते म्हणाले. थंड इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू होते किंवा नाही, ही जुन्या ट्रॅक्टरची पहिली परीक्षा. म्हणून गिऱ्हाईक येण्यापूर्वी ते गरम करून ठेवण्याची विद्या या धंद्यात फार जुनी आहे. परत निघताना आबा मला म्हणाले, “मास्तर, बैलाचा रंग बघू नये, दात बघावा.”

यंत्राचे दात कसे पाहावयाचे हे त्या दिवशी मी मिस्त्रीपाशी शिकलो, आणि ती विद्या मला पुष्कळशा ग्रंथांहून सरस वाटली. निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल पीत आहे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरत आहे. मागील लिफ्टवर भार उचलून इंजिन बंद करावे आणि चहा पिऊन यावे; परत येईतो भार खाली बसला असेल तर आतील भाग झिजला. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते, इंजिन व गिअरची पेटी हाच त्याचा कणा. तेव्हा त्या सांध्यापाशी रंगाखाली वेल्डिंगचा वळ दिसला तर बोलणेच सोडून द्यावे. पुढील चाक हाताने हलवून खुंट्यांची ढिलाई पाहावी. आर.सी. पुस्तकावर बँकेचा बोजा शिल्लक आहे काय, तेही पाहावे. एवढे सारे सपाटीच्या शेतकऱ्यानेही पाहावे. आम्हांस त्याखेरीज दोन्ही ब्रेक पाहावयाचे होते. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागील चाकांचे ब्रेक निराळे असतात, म्हणजे शेताच्या टोकास तो चटकन वळतो. पण उतारावर एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. दोन्ही पेडले जोडणारी एक लहानशी कडी असते. आम्ही पाहिलेल्या सात ट्रॅक्टरांपैकी पाचांना ती नव्हतीच.

याच सुमारास मी वहीत आकडेमोड करू लागलो. दोन चाकांमधील अंतर चार फूट व भाराचा मध्य जमिनीपासून अडीच फुटांवर धरला, तर तो ट्रॅक्टर सुमारे अडतीस अंशांच्या आडव्या उतारापर्यंत कलंडू नये, असे गणित सांगते. आमचा मधला पट्टा बारा अंशांच्याही आत. मी मोठ्या समाधानाने ही वही मिस्त्रीपुढे ठेवली. त्याने ती वाचली नाही. पुढील आसाच्या मध्यावरील खुंटी तेवढी दाखविली. पुढचा आस या एका खुंटीवर तराजूच्या दांडीसारखा झुलतो, म्हणजे खाचखळग्यात चारही चाके जमिनीस टेकून राहतात. याचा अर्थ असा की, चार चाकांचा हा चौरंग कलंडण्याच्या दृष्टीने तिपाई आहे: दोन पाय मागे, एक पाय पुढे मध्यावर. त्यात वरच्या चाकाखाली एक धोंडा यावा, खालचे चाक घुशीच्या बिळात जावे, मागे भरलेली ट्रॉली असावी, आणि चालक बावीस वर्षांचा असावा. असे झाले म्हणजे अडतीस अंश वहीतच राहतात.

तो बावीस वर्षांचा चालक म्हणजे आबांचा धाकटा. या साऱ्या खरेदीत पैसे माझे, जमीन माझी, निवड माझी, आणि आसनावर बसणार तो, ही गोष्ट मी कोणाशी बोललो नाही. परंतु ती माझ्या मनातून जाईना. आमच्या शेजारच्या वाडीत तीन पावसाळ्यांपूर्वी एक तरुण बांधावरून खाचरात उतरताना ट्रॅक्टरखाली सापडला. ट्रॅक्टर दुसऱ्याचा होता. मालक तेराव्यास आला होता, त्याने खर्चही केला, आणि पुढील आठवड्यात त्याच ट्रॅक्टरने त्याच खाचरात चिखलणी झाली. यात मालकास निर्दय म्हणावे असे मला वाटत नाही. आषाढ थांबत नाही. पण तो ट्रॅक्टर मी पाहिला आहे. त्याच्या आसनामागे आकाशाखेरीज काही नव्हते.

आसनामागे एक मजबूत लोखंडी कमान असली व चालकाने कमरेस पट्टा बांधला, तर ट्रॅक्टर उलटला तरी बहुधा माणूस चिरडत नाही. हे काही नवे ज्ञान नव्हे. स्वीडन देशाने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली आणि तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणारी माणसे पुढील काही दशकांत जवळजवळ दिसेनाशी झाली. १९५९ म्हणजे आपल्याकडे पहिला आयशर निघाला तेच साल. आपल्या जुन्या बाजारात मात्र कमान असलेला ट्रॅक्टर विचारला तर उन्हासाठी छत पाहिजे काय, असे उत्तर मिळते. गावच्या लोहाराकडून पाइप वाकवून घेण्याचाही सल्ला मला मिळाला. पण उलटणाऱ्या पावणेदोन टनांपुढे तो पाइप छत्रीच्या काडीएवढाच टिकेल, आणि नुसता पट्टा बांधून कमान नसणे म्हणजे तर माणसास मरणाशी बांधून ठेवणे.

अखेर सातवा ट्रॅक्टर आम्ही घेतला. अठरा अश्वशक्तीच्या आसपासचा, बुटका, चारही चाकांना जोर असलेला, पंधरा वर्षे द्राक्षबागेत राबलेला. त्याचा रंग उडाला होता, टायर झिजले होते, धूर थोडा काळसर होता. आणि किंमत त्या चकचकीत पस्तीस अश्वशक्तीवाल्याहून चाळीस हजारांनी अधिक. मिस्त्रीने इंजिन बरे असल्याचा निर्वाळा दिला. चारही चाके जोडली की उतरताना पुढील चाकेही ब्रेकला साथ देतात, हा त्याचा मोठा गुण. ज्या जागी जाऊच नये तेथेही तो चढून जातो, हा त्याच गुणाचा दोष. पण मी किंमत मान्य केली ती आसनामागे कारखान्यात बसविलेल्या, दुमडता येणाऱ्या कमानीसाठी. पट्टा कोणीतरी कापून टाकलेला होता. तो नवा घातला. विक्रेत्यास माझ्या व्यवहारज्ञानाची कीव आल्याचे स्पष्ट दिसत होते. आबाही परतीच्या वाटेवर भोर येईपर्यंत बोलले नाहीत. चाळीस हजारांत एक बैल येतो, हा हिशेब त्यांच्या मुद्रेवर लिहिलेला होता.

गावी पोहोचल्यावर पहिले काम केले ते ट्रॅक्टर कोठे न्यावयाचा नाही हे ठरविण्याचे. आबा, धाकटा आणि मी वरकसापर्यंत चढलो आणि आंब्यांच्या रांगेपाशी चुन्याने एक रेघ ओढली. रेघेच्या वर उरलेला बैल आणि शेजाऱ्याचा एक, अशा सावडीच्या जोडीने नाचणीचे औत चालेल, खाली ट्रॅक्टर. धाकट्यास ती रेघ अपमानासारखी वाटली असावी. हा सहज चढेल वर, असे तो दोनदा म्हणाला. चढेल यात शंका नव्हतीच.

मधल्या पट्ट्यात एका रायवळ आंब्याची फांदी वाटेवर आडवी आली होती. कमान तिला अडे म्हणून धाकटा तेथे पोहोचला की कमान दुमडून खाली पाडी, आणि मग दिवसभर ती तशीच पडलेली असे. मी दोन वेळा सांगून पाहिले; “होय सर,” असे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. तिसऱ्या खेपेस मी सुट्टीत गेलो तेव्हा कमान उभी होती आणि फांदी नव्हती. आबांनी ती बुंध्यापासून उतरवून तिचे सरपण परसात रचून ठेवले होते. ते झाड माझ्या आजोबांनी लावलेले. त्या फांदीचा आंबा विशेष गोड होता असे मीच त्यांना अनेकदा सांगितलेले होते. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.