जर्मनचा गंज

नरखेड तालुक्यात अंबिया बहाराची तोडणी झाली की चुरी, म्हणजे व्यापाऱ्याने बाजूला काढलेली बारीक संत्री, घरी उरते. तिचा जॅम करायचा तर हात प्रथम जातो जर्मनच्या गंजाकडे. (अ‍ॅल्युमिनियमला आपण जर्मन का म्हणतो, हा वेगळाच विषय.) तो स्वस्त, हलका, पण संत्र्यातले आम्ल त्याला खाते आणि जॅमला धातूची चव येते. आजीची पितळी कढई आकाराने उत्तम, मात्र कल्हईशिवाय ती निषिद्धच, आणि कल्हईवाला आता क्वचितच दारी येतो. राहते स्टेनलेस स्टील. त्यातही भांडे पसरट आणि जाड बुडाचे हवे. पाणी किती लवकर उडेल, हे तोंडाच्या रुंदीवर ठरते. उंच गंजात तासन्‌तास आटवत बसले तर साल-बियांतून उतरलेले पेक्टिन मोडते, रंग काळवंडतो आणि जॅम काही केल्या धरत नाही. भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये. पाक फेसाळून उतू जातो. भाव पडलेल्या हंगामात बांधावर सडणारी चुरी पाहिली की अशा एका कढईची किंमत मला तरी जड वाटत नाही.