फायरवॉल ज्या होस्टवर, तो होस्ट फायरवॉलच्या मागे

चाकणच्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. फायरवॉलची पेटी काढून तिचं काम व्हीएमवर न्यायचा प्रस्ताव माझाच. पेटीचा सपोर्ट संपत आला होता, नूतनीकरण महाग पडत होतं आणि प्रॉक्समॉक्सचे दोन सर्व्हर बऱ्यापैकी रिकामे होते. मंजुरीच्या टिपणात मी ऑक्टोबर 2012 च्या एका श्वेतपत्रिकेचा दाखला दिला. राउटर, फायरवॉल अशांसाठी वेगळं हार्डवेअर घेत बसण्यापेक्षा ती साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवावीत, असं मोठ्या टेलिकॉम कंपन्यांनी त्यात मांडलं होतं. त्याच कागदात अडचणीही आहेत: परफॉर्मन्स, बिघाडातून सावरणं, जुन्या यंत्रणेशी मेळ. मी टिपणात फायदे उतरवले, अडचणी गाळल्या. साहेबांनी माझ्या भरवशावर सही केली.

व्हीएमवर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर चढवलं आणि लगेच अडकलो. पिंग जात होतं, पण ईआरपीचं पान उघडत नव्हतं. मी रात्रभर नियम तपासत बसलो आणि नियम सगळे बरोबर होते. घोळ चेकसमचा होता. एकाच होस्टवरच्या दोन व्हीएममधलं पॅकेट खऱ्या नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही. चेकसम पुढे कार्ड भरेल म्हणून लिनक्स ती अर्धवट सोडतो आणि पीएफसेन्स असं पॅकेट खराब समजून टाकून देतं. पिंगची चेकसम आधीच भरलेली असते, म्हणून ते पार होतं. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करायची एक खूण केली आणि पान उघडलं. व्हीएमच्या व्हर्टआयओ या आभासी कार्डासाठी ही खूण करायला पीएफसेन्सच्याच कागदपत्रांत सांगितलेलं आहे. मी ते आधी वाचलं नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं, आणि त्या काळात मी जुनी पेटी बायबॅकमध्ये देऊन टाकली.

मग एका रात्री लाइट गेली ती आलीच नाही. यूपीएसची बॅटरी उतरली, सगळं बंद पडलं. पहाटे वीज आली, सर्व्हर उठले, फायरवॉल उठली नाही. प्रॉक्समॉक्समध्ये होस्टसोबत व्हीएम आपोआप सुरू व्हावी, ही खूण मुळात केलेली नसते आणि मीही ती केली नव्हती. हाताने सुरू करायला गेलो, तर डिस्क सापडेना. फायरवॉलची डिस्क ठेवली होती नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीवर. नॅस जोडलं होतं नावानं, आणि नाव सोडवणारा डीएनएस फायरवॉलमध्येच. शिवाय नॅस दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, तिथे जायची वाटही फायरवॉलमधूनच. पेटी होती तेव्हा तिला या कुणाचीच गरज नव्हती; बटण दाबलं की ती उठायची, म्हणून हा क्रम माझ्या डोक्यात कधी आलाच नाही.

गेटवर माल भरलेले ट्रक उभे. ई-वे बिल निघाल्याशिवाय सोडता येईनात आणि बिलाचा डेटा ईआरपीत अडकलेला. डिस्पॅचच्या मॅनेजरनी आपला मॉनिटर काढून दिला, तो मी सर्व्हरला लावला. कन्सोलवरून होस्टला नॅसच्या व्हीलॅनमध्ये थेट आयपी दिला, होस्ट्स फाइलमध्ये नॅसचं नाव लिहिलं, आणि मग कुठे नॅस जोडलं जाऊन फायरवॉल सुरू झाली. एक ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आला होता. त्याला चहा देताना काय सांगावं, हे मला सुचलं नाही.

आता फायरवॉलची डिस्क होस्टच्या स्वतःच्या एसएसडीवर आहे, बूटच्या क्रमात ती पहिली. नॅस आयपीनं जोडलंय, होस्टचा पाय त्याच व्हीलॅनमध्ये आहे. दुसऱ्या होस्टवर जोडीची फायरवॉल उभी केली, आणि कॉन्फिगरेशन भरलेली एक छोटी पेटी कपाटात आहे. व्हर्च्युअल करण्याला माझा आजही विरोध नाही. पण काय कशावर उभं आहे, ते मी आता कागदावर काढून रॅकच्या दारावर चिकटवतो.

साप्ताहिक सुट्टीला मी मुद्दाम एकेक होस्ट बंद करून बघतो. मागच्या चाचणीत पहिला होस्ट बंद केला आणि इंटरनेट पूर्ण गेलं. दुसऱ्या होस्टची मेमरी बदलताना तिथली फायरवॉल मी पहिल्या होस्टवर हलवली होती आणि परत न्यायला विसरलो होतो. जोडीतल्या दोघी एकाच सर्व्हरवर होत्या.