आधी रान बघा, मग बियाणे

मंडळी, दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे बियाण्यापेक्षा पोरांच्या प्रवेशाचीच चौकशी जास्त येते. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 साली, तेरकडचे एक शेतकरी लेकीला घेऊन आले. "सायब, हिला समजून सांगा. मार्क चांगले पडलेत, अन् ही इतिहास घेती म्हणती. जीवशास्त्रबी आवडतंय म्हणं. ठरंना तिचं."

मला माझे 1986 साल आठवले. तेर म्हणजे जुने तगर. तिथल्या पांढरीत सापडणारे मणी, खापरे पाहण्याचे मला वेड. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तू पाहताना तहानभूक हरपायची. तितकीच गोडी माती अन् पिकांची. वडील म्हणाले, "सायन्स." विषय संपला. शेतकीची पदवी झाली, नोकरी लागली; पश्चात्ताप नाही. पण तुला काय आवडते, हे कुणी विचारले नाही, ती सल आजही आहे.

म्हणून मी आधी बापाला विचारले, "पोरगी सांगेल ते मान्य?" ते बराच वेळ गप्प बसले. मग मान हलवली.

पोरीला सांगितले, "बाळ, विज्ञानातून पुढे इतिहासाच्या पदवीला जाता येते. कला शाखेतून शेतकीच्या पदवीला जाता येत नाही. पण तेवढ्यासाठी नावडते विषय दोन वर्षे ओढू नको. भौतिक अन् रसायनही करावे लागेल. आता सांग, शाळेवाचून तुझे कशात अडेल?"

ती म्हणाली, "इतिहास मी घरीबी वाचते, सर. पण पान भिंगाखाली कसं दिसतं, ते घरी कुठं बघू?"

बाप हसले. "मग मी येगळं काय म्हणत होतो?"

"तुम्ही सांगत होता, तिने ठरवले," मी म्हणालो.

विज्ञानात भाषा म्हणून मराठी घेता येते, तीही तिने घेतली.

तुमच्याही घरी अशी ओढाताण असेल, तर कॉलेजात जाऊन प्रयोगशाळेचे कुलूप खरोखर उघडते का ते बघा. शिक्षक रोज येतात का, शेवटची एसटी किती वाजता, हे विचारा. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. अकरावीचा अर्ज 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला. त्यात पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिली पसंती नीट विचार करून लिहा. ती मिळाली की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, असा त्या वर्षीचा नियम होता.

शेजाऱ्याने सोयाबीन पेरले म्हणून आपणही पेरू नये, हे मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो. पोरांच्या बाबतीत तेवढे तरी ऐका. आधी त्यांना विचारा.