आठ दिवसांनंतरची सही

मी प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात लेक्चरर म्हणून रुजू झाले, तेव्हा अभ्यासक्रम म्हणजे नाशिकहून येणारी पुस्तिका, असंच सगळे धरून चालत. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि विदर्भातली आमची दंत महाविद्यालयंही पुढे त्याला जोडली गेली. पेपर सगळ्या राज्याला एकच. आपण लेक्चर घ्यायचं, व्हायव्हा घ्यायची, जर्नलवर सह्या करायच्या. यापलीकडे शिक्षकाच्या हातात काय काय असतं, ते मला आमच्या विभागप्रमुख मॅडमनी दाखवलं. आज मी अभ्यासक्रम समितीत बसते, नव्या शिक्षकांच्या कार्यशाळा घेते. त्यातलं मला जे येतं, ते त्यांच्याकडून आलेलं आहे. या लेखानं ते फिटणार नाही, पण कुठेतरी नोंद व्हायला हवी.

दंतवैद्यकाच्या मुलांची शेवटची दोन वर्षं कोट्याभोवती फिरतात. इतके दात काढले, इतकी फिलिंग केली, इतक्या कवळ्या बसवल्या, असा हिशेब जर्नलमध्ये जमला की टर्म मिळते. टर्म संपत आली की मुलं पेशंट शोधत ओपीडीच्या दारात उभी राहतात. कुणी मेसमधल्या मावशींच्या सासूला घेऊन येतं, कुणी स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं देतं. त्यात मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपण जे मोजतो तेच ती करतात.

अशाच एका टर्मअखेरीला शेवटच्या वर्षाच्या एका मुलानं एका आजींना मॅडमसमोर आणलं. कवळी त्यानं मन लावून केली होती. दातांची रांग सुरेख, ओठ छान भरलेले. जर्नल उघडून, पेन पुढे करून तो उभा होता. मॅडमनी स्टूल ओढलं, आजींच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "आजी, जेवताना कशी वाटते?"

"जेवाले बसलो का काढून ठेवतो, मॅडम. हिनं भाकर कुठं चावल्या जाते?"

मॅडमनी खालची कवळी काढून बाजूला ठेवली आणि हिरडीवरून बोट फिरवलं. जिभेच्या बाजूला, मागे, तांदळाएवढा लाल व्रण होता. तो मुलाला दाखवला, त्याच्याकडूनच कवळीची तेवढी कड घासून घेतली, गुळगुळीत करून घेतली. मग जर्नल मिटून त्याच्या हातात दिलं. "आठ दिवसांनी आजी काय खातात, काय खाता येत नाही, ते विचारून लिहून आण. मग सही."

आठ दिवसांनी त्यानं लिहून आणलं: ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, भात, शिजलेल्या भाज्या; फुटाणे नाहीत. मॅडमनी त्या ओळीखाली सही केली.

कवळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्यानं पेशंटला बोलवावं, हे पाठ्यपुस्तकात असतंच. परीक्षेत मुलं ते लिहितातही. जॉर्ज मिलरनं १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि सगळ्यांत वर, रोजच्या कामात खरोखर करतो. आमचे पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबायचे, प्रॅक्टिकल तिसरीवर. चौथी पायरी पाहायला आठ दिवस थांबावं लागतं, आणि तेवढं थांबायची जागा आमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती. मॅडमनी ती पुढच्याच टर्मपासून काढली. विभागाच्या लॉगबुकात कवळीपुढे नवे रकाने आले: दुसरा दिवस, आठवा दिवस, टोचतं कुठे, खातात काय. शेवटचा रकाना भरल्याशिवाय कवळी कोट्यात धरायची नाही.

विरोध झाला. एवढ्यानं मुलांचा कोटा पुरा होणार नाही, इन्स्पेक्शनला आकडे लागतात, असं सहकारी म्हणाले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मॅडमनी मला जुन्या फायली काढायला लावल्या. त्यातून दिसलं, की नियमात सांगितलेल्या किमान कामावर विभागानंच वर्षानुवर्षं जादा कामाचे थर चढवले होते. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. किमान आकड्याला हात न लावता त्यांनी तो जादा भार उतरवला आणि मोकळा झालेला वेळ रिकॉलला, म्हणजे पेशंटला पुन्हा बोलावून तपासण्याला, दिला. तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "पेपर आपल्या हातात नाही, पण सही आपल्या हातात आहे." अभ्यासक्रम बदलण्याबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं. डेव्हिड कर्न यांची सहा टप्प्यांची पद्धत आज मीच शिकवते. तिचा पहिला टप्पा गरज नेमकी कुठे आहे ते शोधण्याचा. तो मला त्या आजींच्या शेजारच्या स्टुलावर आधीच समजला होता.

त्यांनी मला पहिल्यांदा वाचायला दिलेली झेरॉक्स स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि जॉय क्रॉसबी यांच्या २००० सालच्या निबंधाची होती. चांगला शिक्षक केवळ व्याख्याता नसतो, त्याच्या बारा भूमिका असतात, असं त्यात मांडलेलं आहे. माहिती देणारा, वाट सोपी करणारा, परीक्षक, अभ्यासक्रम आखणारा, साधनं तयार करणारा, आणि नकळत ज्याच्याकडे पाहून मुलं घडतात तो. एकाच माणसानं बाराही भूमिका पेलाव्यात असं लेखकांचं म्हणणं नाही. विभागानं मिळून त्या वाटून घ्यायच्या असतात. मॅडमनी तशा त्या वाटल्या, आणि त्या वाटणीत लॅबमधल्या काकांनाही धरलं.

काका आमचे डेंटल मेकॅनिक. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात मेकॅनिकची स्वतंत्र नोंदणी होती, पण वेळापत्रकात त्यांचं नाव कधी नसायचं. डेमो काकाच द्यायचे आणि कागदावर नाव लेक्चररचं लागायचं. मॅडमनी ते बदललं. फ्लास्किंग आणि क्युरिंगच्या डेमोपुढे काकांचं नाव, हुद्द्यासकट, छापलं गेलं. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मेण काढून टाकलेला फ्लास्क, त्यात दाबलेलं गुलाबी ॲक्रिलिक, आणि पाणी हळूहळू तापवायचं कारण: मोनोमर शंभर अंशांच्या आसपास उकळतो, घाईत आच वाढवली तर कवळीच्या जाड भागात बुडबुडे अडकतात. असं फसलेलं एक काम त्यांनी मधोमध कापून आणलं होतं. मुलांनी आतली जाळी बोटानं चाचपून पाहिली. ती तुकडी कवळीतली सच्छिद्रता विसरणार नाही.

नंतर शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मायक्रोटीचिंग होतं. पाच मिनिटं शिकवायचं आणि सहकाऱ्यांकडून कानावर येईल ते ऐकायचं. वरिष्ठ सहसा त्यात उभे राहत नाहीत. मॅडम पहिल्या उभ्या राहिल्या आणि अभिप्राय द्यायला त्यांनी मला, विभागातल्या सगळ्यांत धाकटीला, सांगितलं. मी चाचरत म्हटलं, की फळ्यावर लिहिताना तुमची पाठ मुलांकडे असते आणि शेवटचे शब्द ऐकू येत नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरला त्या आधी लिहीत होत्या, मग वळून बोलत होत्या.

खर्ऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून इकडे चौकाचौकात विकतात. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तरी खर्रा गेला नाही. आमच्या शाखेत तो कळतो तो माप घेताना, कारण ट्रे तोंडात जातच नाही. गालाची आतली त्वचा पांढुरकी, बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागतात, आणि पंचविशीतल्या मुलाच्या तोंडात दोन बोटं जेमतेम मावतात. हा विकार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. मॅडमनी विभागाच्या केस पेपरवर सगळ्यांत वर, दाताच्या तक्रारीच्याही आधी, तोंड किती मिलिमीटर उघडतं तो रकाना घातला. मुलं पट्टी घेऊन मोजू लागली, आणि मोजता मोजता विचारू लागली, "भाऊ, खर्रा किती वर्षांपासून?" तो रकाना कुठल्याही पुस्तिकेत नव्हता.

मॅडम निवृत्त झाल्या. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला, तेव्हा त्यातली लॉगबुकं मागवून त्यांनी बारकाईनं वाचली. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. आमच्याकडेही आता पुष्कळ काही नव्यानं लिहायचं आहे. विभागाच्या वतीनं मी काढलेला मसुदा त्यांना फोनवर वाचून दाखवला. रिकॉलच्या कलमावर त्यांनी थांबवलं.

"लांबच्या गावचा पेशंट आठ दिवसांनी परत येणार कसा? मजुरी बुडते त्याची. त्याच्या गावाजवळ आपलं शिबिर असेल, त्या दिवशी रिकॉल लावता येईल का, ते बघ."

पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री विभागाकडून शिबिरांच्या तारखा मी मागवल्या आहेत. त्या आल्या, की कवळी देण्याचे दिवस त्यांच्या आठवडाभर आधी धरून नवं वेळापत्रक लावायचं आहे.